पहिल्या पिल्लाचं दूध

बाळंतिणीच्या खोलीत बसून मी देवमासा शिकले. समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. पाणी म्हणजे विहीर, पाणी म्हणजे चैतात आटणारा ओढा, एवढीच आमची समज. आज कुणी विचारलं की मॅडम, तुम्ही प्राणिशास्त्राकडं कशा वळलात, तर मी काहीतरी शोभेलसं उत्तर देते. खरं उत्तर त्या खोलीत आहे, आणि ते सांगायला मला आजवर धीर झाला नाही.

ती खोली घराच्या अगदी आत होती. एरवी तिच्यात तुरीची पोती आणि वरच्या दांडीवर घोंगड्या असायच्या. अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा अप्पांनी पोती एका अंगाला रचली आणि मधल्या जागेत बाज टाकली. खिडकी नव्हती. एक झरोका होता, पण बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मायनं त्यात गोणपाटाचा बोळा कोंबला होता. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि शेपा टाकून केलेली धुरी. त्या धुरानं डोळे चुरचुरायचे आणि बाहेर आल्यावर उन्हाकडं बघवत नसे. सव्वा महिना अक्कानं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा शिरस्ता होता. मी सुट्टीला आले होते आणि अभ्यासाला तीच खोली बरी, कारण सगळ्यात मोठा बल्ब तिथं लावलेला. ताटात गरम भाकरी, लसणाची फोडणी दिलेली शेपूची भाजी, तुपाची धार आणि खारीक-खोबऱ्याचा लाडू यायचा तो अक्कासाठी. पण ती निम्मा लाडू मोडून मुकाट्यानं माझ्या वहीवर ठेवायची. माझ्या त्या वेळच्या वहीच्या कितीतरी पानांवर तुपाचे डाग आहेत.

आमचं गाव हुमनाबादकडं, निर्णा गावाच्या पलीकडं, रस्ता संपतो तिथं. आजोबांच्या वेळी मेंढरंच मेंढरं होती. अप्पांच्या हाती वीस-बावीस उरली, बाकी तुरीचं रान. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी तिची शाळा सुटली. सुटली म्हणजे काही भांडण, रडारड झाली नाही. तुरीला फुलं लागली, अळी पडली, मायला एकटीला रान आवरेना, अक्का चार दिवस रानात गेली आणि ते चार दिवस पुढं संपलेच नाहीत. त्या वेळी तुरीला पांढरी पावडर मारायचे. पातळ फडक्यात तिची पुरचुंडी बांधायची, काठीच्या टोकाला अडकवायची आणि सरीनं चालत झाडांवर झटकत जायचं. तिला कुणी विष म्हणत नसे. ‘रानात औषध माराया गेल्यात’ असंच म्हणायचे. दिवस कलला की माय आणि अक्का घरी यायच्या तेव्हा दोघींच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. अक्का दारातूनच ओरडायची, “सुमे, म्हातारी आली बघ, पाया पड!” मी खरंच पाया पडायचे आणि ती हसून माझ्या नाकावर पांढरं बोट टेकवायची. तीच पावडर मेंढरांना गोचिडांसाठी चोळायची. तीच आमच्या डोक्यात उवांसाठी. रविवारी केसांत भुरभुरून वर फडकं बांधायचं आणि दुपारपर्यंत उन्हात बसायचं. तो वास घशाशी कडवट उतरायचा. आता ती पावडर मिळत नाही, बंद झाली. पण बाजारात बियाणाच्या दुकानासमोरून जाताना कधी तसला वास आला, तर मला अजून रविवार आठवतो.

मी कलबुर्गीला बीएस्सीला होते, हॉस्टेलवर राहायचे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेलं दुसरं माणूस नव्हतं, आणि याचा एक विचित्र परिणाम झाला होता. घरात काहीही अडलं की अप्पा म्हणायचे, “सुमीला इचारा.” मेंढी लंगडते, सुमीला इचारा. हुमनाबादची गाडी किती वाजता, सुमीला इचारा. ग्रहणात भाकरी खावी का न्हाई, सुमीला इचारा. आणि मी सांगायचे. दर वेळी सांगायचे. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी कॉलेजात रोज मनातल्या मनात म्हणायचे, पण घरी ते तोंडातून निघत नसे. माझ्या फीपायी अक्काच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, मग माहीत नाही कसं म्हणायचं?

त्या सत्रात आम्हाला प्रत्येकाला एकेका विषयावर वर्गापुढं बोलायचं होतं. मॅडमनी डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्या मैत्रिणीला मधमाशी निघाली, दुसरीला रेशमाचा किडा. मला निघालं, विषारी प्रदूषणाचा समुद्रातल्या सस्तन प्राण्यांवर होणारा परिणाम. वर्ग हसला. मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या, “हिच्या गावाला बंदर आहे ना!” आणि स्वतःही हसल्या, पण नंतर त्यांनीच ग्रंथालयातून इंग्रजी पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या. पहिल्या पानावर देवमासा होता, झेरॉक्समुळं नुसता काळा ढिगारा, शेजारी लहान ढिगारा. ती पानं मी वहीत चिकटवली. शब्दकोश मांडीवर घेऊन एका पानाला माझी एक दुपार जायची.

पाचवीच्या दिवशी बाळाची सटवाई पुजायची असते. ती येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून पाट्यावरवंट्याशेजारी ज्वारीची रास, लिंबू, विळा आणि लिहायला वही-पेन ठेवतात. दिवेलागणीला मायनं सगळं मांडलं आणि तिच्या ध्यानात आलं की घरात कोरी वही नाही. “तुझी दे की,” ती म्हणाली. मी म्हटलं, त्यात माझा अभ्यास आहे. “मग चांगलंच हाय. अभ्यासाच्या वहीत लिवलं तर पोरगं शिकंल.” मी मागचं कोरं पान उघडून वही पाटावर ठेवली. सकाळी वही उचलली तेव्हा हळदी-कुंकवाच्या चिमटी देवमाशाच्या पानापर्यंत पसरल्या होत्या. कोरं पान कोरंच होतं. सटवाईचं अक्षर माणसाला दिसत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं.

त्या दुपारी अक्कानं वही मागितली. बाळ तिच्या छातीशी लागलेलं, चुटूचुटू आवाज येत होता, मधेच श्वास घ्यायला थांबायचं आणि नाकातून फुसकन् हवा सोडायचं. अक्कानं पानावरचे काळे ढिगारे निरखले.

“ही म्हैस व्हय?”

“देवमासा हाय, अक्का. समुद्रातला.”

“आन् ह्यो बारका?”

“तिचं पिल्लू. ती बी दूध पाजते.”

“मासा? दूध?” अक्का इतकी हसली की बाळाचं तोंड सुटलं. “कामून बनवायलीस गं मला? पाण्यात दूध वाहून जाईना का?”

मग मी तिला सांगायला बसले. आणि मला कबूल केलं पाहिजे, मला फार आनंद झाला. वर्गात मी तोंड उघडायला घाबरायचे. इथं माझ्या भाषेत, माझ्या घरात, ऐकणारं माणूस पापणी न लववता ऐकत होतं. मी सांगितलं, त्याचं दूध सायीसारखं घट्ट असतं, म्हणून वाहून जात नाही. थंड पाण्यात जगायचं म्हणून त्याच्या अंगाभोवती घोंगडं पांघरल्यासारखा चरबीचा थर असतो. माणसं रानात, कारखान्यात जे जे वापरतात ते पावसानं नदीत, नदीतून समुद्रात जातं. आधी बारीक किड्यांत, किडे खाणाऱ्या माशात, तो मासा खाणाऱ्या मोठ्या माशात, असं वाढत वाढत काही देवमाशांच्या आणि डॉल्फिनच्या चरबीत येऊन बसतं. ते सहजी गळत नाही, विरत नाही. नर जन्मभर साठवत राहतो. मादीला मात्र ते बाहेर टाकायला एक मोठी वाट असते.

“कोणती?” अक्कानं विचारलं.

“दूध. चरबीतलं दुधात उतरतं. पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त जातं. तिचं अंग हलकं होतं, आन् मागून येणाऱ्या पिल्लांच्या वाट्याला कमी येतं. पहिली पिल्लं लई दगावत्यात, असं लिवलंय हितं.”

अक्कानं बाळाच्या टाळूवर हात ठेवला. बाजेखाली शेप्याचे दाणे तडतडले.

“कसलं इख असतंय ते? आपल्या पावडरीसारखं?”

“तसल्याच जातीचं.”

“मग बायामानसाचंबी तसंच असंल?”

तिथं मला थांबता आलं असतं. मला माणसाविषयी काही माहीत नव्हतं, त्या झेरॉक्सच्या पानांत तो विषयच नव्हता. पण मी शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते आणि अक्का माझ्याकडं अप्पांसारखी बघत होती.

“व्हय,” मी म्हणाले.

एवढंच. दुसऱ्या दिवशी मी कलबुर्गीला गेले.

वर्गात माझं बोलणं बरं झालं. इंग्रजी अडखळलं, दोनदा पान पडलं, पण चरबीच्या घोंगड्याचं मी सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. शेवटी मॅडमनी एकच प्रश्न विचारला. “आईच्या दुधात विष उतरतं, ठीक. त्या पिल्लाला दूध पाजलंच नाही तर काय होईल?” मी उभी राहिले. पानं चाळली. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “मरेल की, काय होईल?” आणि वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “विषापेक्षा आधी उपासानं मरेल. दुधात विष आहे हा समुद्राचा दोष आहे, दुधाचा नाही. माणसांच्या बाबतीतही डॉक्टर हेच सांगतात, पाजत राहा. हे तुझ्या पानांत नसेल, पण तू विचारायला हवं होतंस.” मी खाली बसले तेव्हा माझ्या कानांत अक्काचा प्रश्न वाजत होता. तरी मी स्वतःला समजावलं की अक्का काय, ऐकलं आणि सोडून दिलं असेल. आमच्या घरात माझं बोलणं कुणी सोडून देत नाही, हे मला त्या क्षणी आठवायला नको होतं, इतकंच.

त्यानंतर चौथ्या दिवशी अप्पांचा फोन हॉस्टेलवर आला. अप्पा फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, त्या दिवशी त्यांचा आवाज खाली होता. “बाळ सुकलंय गं. जुलाब व्हायलेत. हुमनाबादला दाखवून आणलं. डाक्टर म्हणतोय आईचं दूध पाजा, आन् हिला दूधच उतरंना. तू येऊन बघ. तुला कळंल.”

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती. दोन्ही बाजूंनी तुरीची रानं मागं पळत होती, पिवळी फुलं लागलेली, आणि कुठं कुठं काठी घेऊन चालणाऱ्या बायका. अक्काला दूध उतरत नाही हे मला पटत नव्हतं. तिचं झंपर ओलं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘तुला कळंल’ या दोन शब्दांतून मला बाहेर पडायचं होतं आणि बस मला नेमकी तिथंच घेऊन चालली होती.

घरी माय चुलीपुढं बसून खसखस वाटत होती. दूध उतरावं म्हणून तिनं काय काय केलं होतं, ओव्याचं पाणी, लसणाची खीर, कुणी सांगितलेला पाला. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “तुझ्या वहीत सटवीनं काय लिवलं काय की. मीच मेली नको ती वही मांडले.” आतल्या खोलीत तोच धूर होता. अक्काच्या मांडीवर बाळ पडलेलं, हातात बोंडलं, त्यात पाणी घातलेलं शेळीचं दूध. बाळाचा आवाज नव्हता. सात दिवसांपूर्वी ज्याच्या चुटूचुटूनं मला अभ्यास सुचत नव्हता, ते बाळ आता ओठसुद्धा ओले करून घेत नव्हतं. टाळू खोल गेली होती.

मी दार लोटून घेतलं. “अक्का, तुझं दूध कुठंय?”

तिनं कोपऱ्याकडं पाहिलं. पोत्यांच्या आडोशाला एक वाटी होती आणि भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती.

“पिळून तिथं घालायले,” ती म्हणाली. “मुंग्या मरत्यात का बघायले. न्हाई मेल्या. पर मुंगी आन् लेकरू सारखं असतंय का? तू म्हणालीस ना व्हय म्हणून.”

“अक्का, मी चुकले. पाज त्याला. आत्ता पाज.”

“मग इख न्हाई का त्यात?”

आयुष्यात मला खोटं बोलायची इतकी सोपी संधी पुन्हा आली नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण एका ‘व्हय’नं काय झालं ते माझ्यासमोर मांडीवर पडलेलं होतं, आणि न पारखता आणखी एक शब्द टाकायची मला भीती वाटली.

“असंल,” मी म्हणाले. “किती ते मला माहीत न्हाई. पर दूध न्हाई मिळालं तर ते आधी जाईल. मॅडम सांगत होत्या. डाक्टरबी तेच म्हणला.”

“तवा तसं, आता असं,” अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच वाईट होतं. “ते मासा बोललीस तवा तुझं तोंड कसं फुललं होतं. आता बाळाला बघून भ्यालीस, म्हणून म्हणायलीस. खरं कोणतं मानू मी?”

दार उघडलं. माय उभी होती, हाताला खसखस तशीच. तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ती सरळ कोपऱ्यात गेली, वाटी पाहिली, मुंग्या पाहिल्या आणि मटकन पोत्यावर बसली.

“कसलं इख?” तिनं मला विचारलं. मी सांगितलं. या वेळी आनंद नव्हता. घोंगडं नाही, साय नाही, सरळ सांगितलं. पावडर अंगात बसते, दुधातून लेकराला जाते, पहिल्याला जास्त जाते.

माय थोडा वेळ बोटं पदराला पुसत राहिली. मग ती अक्काला म्हणाली, “तू पोटात व्हतीस तवा नवव्या महिन्यापर्यंत मी पावडर मारले. डोकं बी धुतलं त्याच पावडरीनं. दोन वर्सं पाजलं तुला मी. इख असंल तर सगळं तुला पाजलं की गं मी.”

अक्का मायकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. त्या नजरेचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं गेली. तिथं बसलेल्या आम्हा तिघींत पहिलं पिल्लू कोण आणि मागून आलेलं कोण, हे तिनं माझ्या आधी ओळखलं होतं. मायच्या अंगातलं ओझं जिनं उचललं ती अकराव्या वर्षी काठीला पुरचुंडी बांधून रानात गेली होती, आणि हलक्या दुधावर वाढलेली मी वही घेऊन कलबुर्गीला.

“वही आण,” अक्का म्हणाली.

मी वही आणली. तिनं हळदीचं बोट लागलेलं पान उघडलं. “पहिल्या पिल्लाचं कुठं लिवलंय?”

मी ओळीवर बोट ठेवलं. मी ती पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. अक्कानं माझं बोट बाजूला सारून आपलं ठेवलं. इंग्रजी अक्षरांवरून ते हळूहळू फिरवलं, उलटं, उजवीकडून डावीकडं.

“ह्ये म्हंजी मी व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले.

“मग मी तर हाय की. लगीन केलं, लेकरू काढलं, तुझ्याशी भांडायले.” ती किंचित हसली. “पाजलं म्हणून हाय. न्हाईतर कवाच गेले असते.” तिनं वही मिटून माझ्या हातात दिली, झंपराची गाठ सोडली आणि बाळाला उचललं. बाळानं तोंड लावलं नाही. मायनं बोटानं थेंब काढून त्याच्या ओठांना लावला. पुन्हा लावला. मी उठून झरोक्यातला गोणपाटाचा बोळा ओढून काढला. मायनं मला अडवलं नाही. उजेडाची एक पट्टी बाजेवर पडली आणि तिच्यात धूर फिरताना दिसायला लागला.

ते पोरगं आता माझ्यापेक्षा उंच झालंय, आणि त्याला उन्हाळ्यात दम लागतो. कशानं, ते मला माहीत नाही. अक्काचे पुढचे तीन गर्भ टिकले नाहीत, तेही कशानं ते मला माहीत नाही, आणि आता मी घरी हे वाक्य म्हणू शकते. पण त्या दुपारी आम्ही तिघी बाळाकडं बघत बसलो होतो आणि कितीतरी वेळानं अक्काच्या छातीशी एक बारीक, ओला, हावरा आवाज आला. चुट. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चुट.

“हळू रं,” अक्का म्हणाली. “जेवढं हाय तेवढं तुझंच हाय.”